निवाड्यात विहीर आणि डाळिंब धरलेच नाही, मोबदला उचलावा का?

बांधकरी: कालव्यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली संपादन झाले, निवाडाही (मोबदला ठरवणारा आदेश) जाहीर झाला. ८० आर बागायत जिरायत धरली आहे. विहीर आणि डाळिंबाच्या झाडांपुढे शून्य. प्रांत कार्यालयातून सांगतात, पावतीवर सही करा आणि रक्कम न्या. गावात म्हणतात, एकदा पैसे घेतले की दावा संपला. काय करावे?

कलम६४: पैसे घ्या, पण हक्क राखून. गावात म्हणतात ते अर्धेच खरे. हरकत न नोंदवता रक्कम घेतली तर कलम ७७ प्रमाणे कलम ६४ चा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा, अर्ज करता येत नाही. म्हणून पावतीवर सहीच्या वर लिहा: 'वाढीव मोबदल्याचा हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले.' त्याच मजकुराचा वेगळा अर्ज आवक शाखेत देऊन पोच घ्या. छापील नमुन्यात 'मोबदला मान्य, तक्रार नाही' असे वाक्य असेल तर ते खोडल्याशिवाय सही करू नका.

आता मुदत, बहुतेक प्रकरणे इथेच बुडतात. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल तर निवाड्याच्या तारखेपासून ६ आठवडे. हजर नसाल तर नोटिशीपासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतले जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर पुढे १ वर्षापर्यंत अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर बसू नका. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. त्यांनी ३० दिवसांत तो प्राधिकरणाकडे (मोबदल्याचे वाद ऐकणारे या कायद्याखालचे न्यायपीठ) पाठवायचा असतो. नाही पाठवला तर थेट प्राधिकरणाकडे तसा आदेश मागता येतो. अर्जात कारणे स्वतंत्र मांडा: जमिनीचा प्रकार, विहीर, झाडे, दर.

मोजणीपत्रक: पुराव्याशिवाय 'बागायत होती' या म्हणण्याला काही किंमत नाही. संयुक्त मोजणीच्या पत्रकाची प्रत आधी मागा. त्यात विहीर आहे आणि निवाड्यात नाही, तर तुमचे काम बरेच सोपे होते. पत्रकातच नसेल तर संपादनाच्या अधिसूचनेआधीच्या सातबाऱ्यावरील विहिरीची नोंद, गाव नमुना १२ मधला पीकपेरा, कृषिपंपाची वीजबिले आणि ठिबकची पावती जोडा. अधिसूचनेनंतर घातलेल्या नोंदीवर लगेच शंका घेतात. झाडांची संख्या, वय आणि उत्पन्न अनुभवी फळबाग मूल्यांककाकडून लिहून घ्या, आणि तेही झाडे तोडण्याआधी. तोडल्यावर सिद्ध करणे फार अवघड होते.

दराबाबत: रेडीरेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी) दर हा एकच आधार नाही. आधीच्या ३ वर्षांतल्या, जवळपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांपैकी जास्त दराची अर्धी खते घेऊन सरासरी काढायची असते. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स २ (खरेदीखताच्या नोंदीचा उतारा) काढा. त्या बाजारभावाला ग्रामीण गुणकाने गुणायचे (कायद्यात १ ते २), मग त्यात विहीर-झाडांची किंमत मिळवायची आणि या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम. उदाहरणार्थ बाजारभाव १० लाख, गुणक २, विहीर-झाडे ४ लाख: २४ लाख आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे ४८ लाख. बाजारभावावरची वार्षिक १२ टक्के रक्कम वेगळी. म्हणजे ४ लाखांची विहीर-झाडे वगळली की नुकसान ८ लाखांचे.

हरकतदार: वरचे सारे २०१३ च्या संपादनाला लागू. राष्ट्रीय महामार्गाचे असते तर वाट वेगळी: १९५६ च्या कायद्याखाली लवादाकडे अर्ज. आणि थेट खरेदीने २५ टक्के वाढीव दर घेऊन खरेदीखत केले असेल तर तिथे निवाडाच नसतो, म्हणून कलम ६४ ही नसते. सही कशावर करता, ते आधी पाहा.

भावकीत कुणी अर्ज केलाच नसेल, तर कलम ७३ बघा. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या खातेदाराला प्राधिकरणाने वाढ दिली, तर त्या निर्णयापासून ३ महिन्यांत तेवढीच वाढ मागता येते. निर्णयाची प्रत मिळायला लागलेला वेळ यात धरत नाहीत.