मदत हवी आहे: सरकारी गहू-तांदळाच्या साठ्याचे चढउतार आलेखात कसे दाखवू?

मंडळी, शेतकरी वाचकांच्या एका छोट्या मासिकासाठी भारताच्या केंद्रीय धान्यसाठ्यावर लेख लिहिते आहे. २००० नंतर हा साठा कधी फुगला, कधी आटला, हे एका आलेखात दाखवायचं आहे. भारतीय अन्न महामंडळाचे महिनावार आकडे हाताशी आहेत. अडचण आकड्यांची नाही, ते प्रामाणिकपणे कसे मांडायचे याची आहे.

पहिला प्रश्न तारखेचा. गव्हाची खरेदी मुख्यतः एप्रिल ते जून होते. त्यामुळे १ एप्रिलला गव्हाची गोदामं वर्षातली सर्वांत रिकामी आणि जुलैच्या सुमारास भरलेली. १ जुलै २०१२ ला गहू-तांदूळ मिळून साठा ८०० लाख टनांच्या आसपास होता, गोणी उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवाव्या लागत होत्या. आणि १ एप्रिल २००७ ला गहू होता जेमतेम ४७ लाख टन. सोयीची तारीख निवडली की सुकाळही दाखवता येतो आणि टंचाईही. मला दोन्ही नको आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो आहे. १ एप्रिल २००८ ला गहू ५८ लाख टन होता. १ एप्रिल २०२४ ला ७५ लाख टन. नुसती रेघ काढली तर २०२४ ची स्थिती बरी वाटते. पण २००८ मध्ये त्या तारखेचा बफर निकष (सरकारने किमान ठेवायचा साठा) ४० लाख टनांचा होता, आता तो ७४.६ लाख टन आहे. म्हणजे २००८ ला निकषाच्या वर बरीच जागा होती, २०२४ ला आपण अगदी काठावर होतो. निकष मध्येच बदलतात (२००८ मध्ये ३० लाख टन गव्हाचा आणि २००९ मध्ये २० लाख टन तांदळाचा वेगळा राखीव साठा आला, २०१५ पासून सगळेच निकष नव्याने ठरले), मग जुन्या-नव्या वर्षांची तुलना कशी करावी?

शिवाय भरडाई न झालेला भात तांदळाच्या आकड्यात नसतो, वेगळा दाखवतात. तो धरायचा का?

आणि शेतकऱ्याच्या घरातलं, व्यापाऱ्याच्या गोदामातलं धान्य? ते तर यात कुठेच नाही. आमचे वाचक स्वतःच ते धान्य साठवतात, त्यांना 'देशाचा साठा घटला' असं सांगताना मन कचरतं.

प्रतिसाद

ताई, गहू आणि तांदूळ एका रेघेत मिसळू नका. गव्हाला १ एप्रिल आणि तांदळाला १ ऑक्टोबर घ्या. नवं पीक येण्याआधी जुनं किती उरलं, हाच खरा प्रश्न असतो. जुलैचा आकडा साठवणुकीवर लिहायचं असेल तेव्हा वापरा.

भात धरायचा तर ६७ टक्क्यांनी तांदळात बदलून, पण वेगळ्या रंगात. तो सरकारच्या मालकीचा असला तरी लगेच रेशनवर देता येत नाही.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. माझी भर इतकीच, की साठ्याबरोबर आवक-जावक दाखवा, नाहीतर कारण चुकीचं लागतं. लाख टनांत गव्हाचा हिशेब बघा: १ एप्रिल २०२१ ला २७३, त्या हंगामात विक्रमी ४३३ खरेदी, आणि १ एप्रिल २०२२ ला उरले १९०. म्हणजे वर्षभरात सुमारे ५१६ बाहेर गेले. पुढच्या हंगामात खरेदी १८८ वर आली आणि १ एप्रिल २०२३ ला साठा ८३ राहिला. बाहेर गेले सुमारे २९५.

सगळे जण दोष मार्च २०२२ च्या उष्णतेच्या लाटेला देतात. लाटेने पीक मारलं हे खरंच, आणि युक्रेन युद्धामुळे बाजारभाव हमीभावाच्या वर गेल्याने माल व्यापाऱ्यांकडे गेला हेही खरं. १३ मे २०२२ ला निर्यातबंदी आली ती त्यानंतर. पण साठ्याची घसरण त्याआधीच सुरू झाली होती! विक्रमी खरेदीच्या वर्षातच ८३ लाख टन कमी झाले, कारण कोविडकाळातलं माणशी ५ किलो जादा मोफत धान्य चालू होतं. नंतर गव्हाची उचल घटली, तीही मागणी कमी झाली म्हणून नाही. मे २०२२ पासून बऱ्याच राज्यांना त्या योजनेत गव्हाऐवजी तांदूळ दिला गेला. म्हणून दोन्ही धान्यांचे आलेख वेगळे काढा, पण शेजारी शेजारी छापा.

निकषाचं म्हणाल तर त्या त्या वर्षी लागू असलेला निकषच घ्या आणि साठा त्याच्या किती पट होता ते काढा. २००८ ला सुमारे दीडपट, २०२४ ला एकपट. आजचा निकष मागे लावू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याआधी सरकारवरचं बंधन वेगळं होतं.

खासगी साठ्याला मात्र अंदाजाची रेघ जोडू नका. आलेखाच्या मथळ्यातच 'केंद्रीय साठा' लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. २०२१-२२ चा हिशेब आत्ताच मांडून पाहिला, लेखाची सुरुवात त्यानेच करते. मथळाही बदलते.

एकच अडलंय. खुल्या बाजारात विकलेला गहू आणि रेशनवर गेलेला गहू 'बाहेर गेला' या एकाच खांबात दाखवावा की तोडून? तोडला तर वाचकाला कळेल की भाव उतरवण्यासाठी किती माल सोडला, आणि शेतकऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पण २००० पासून सगळ्या वर्षांसाठी असे खांब काढले तर पान फार भरतं. कुणी असं केलं असेल तर नमुना दाखवाल का?