नोराला थांबवायचा हक्क कोणाला?

तिसरी घंटा :
परवा इथे कोणीतरी लिहिलं, की नॉर्वेच्या इब्सेनचं नाटक 'डॉल्स हाउस', ज्यात नोरा शेवटी नवरा-मुलांना सोडून, दार आपटून घराबाहेर पडते, त्याचा शेवट खुद्द इब्सेननेच बदलला होता, मग आजच्या दिग्दर्शकाने नोराला घरातच थांबवलं तर बोंबलायचं कशाला? डोकंच फिरलं वाचून. अर्धीच गोष्ट सांगायची आणि मोकळं व्हायचं! २१ डिसेंबर १८७९ला कोपनहेगनला पहिला प्रयोग झाला तो मूळ शेवटानिशीच. पुढे जर्मनीत नोरा करणारी हेडविग नीमान-राबे अडून बसली, मी पोरं टाकून कधीच जाणार नाही म्हणाली. तिकडे इब्सेनला कायद्याचं संरक्षण नव्हतं, कोणीही उठून हवा तो शेवट चिकटवला असता. म्हणून त्याने स्वतःच लिहून दिला : नवरा हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, ती तिथेच कोसळते, पडदा. आणि त्या शेवटाला रानटी म्हणाला तोही इब्सेनच. नाक दाबून उघडायला लावलेल्या तोंडाला तुम्ही होकार म्हणताय.

प्रॉम्प्टर :
तो 'कोणीतरी' मीच, नाव घ्यायला लाजू नका. नाक कोणी दाबलं नव्हतं हो, नाटक चालायला हवं होतं. मूळ संहितेला सोवळ्यात ठेवलं असतं तर मराठीत 'डॉल्स हाउस'वरून काणेकरांचं 'घरकुल' झालंच नसतं. १९३३ची 'आंधळ्यांची शाळा' तरी कुठली आपली, नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावरून ना?

तिसरी घंटा :
रूपांतर खुशाल करा. जाहिरातीत इब्सेन ठळक आणि शेवट तुमचा, हे नाही चालणार.

कोकणकडा :
शेवटाचं सोडा, तीन अंकांचे दोन करतात त्याचं काय? गेल्या वर्षी पाहिलं त्यात नोराचा तारांतेला हा इटालियन नाचच गायब. विचारलं तर म्हणे, लोकांना शेवटची लोकल गाठायची असते. वर शेजारचे गृहस्थ अख्खा वेळ मोबाईलवर शेअरचे भाव बघत होते.

विंगेतली :
कॉलेजात मी नोरा केली होती. नोरा चोरून खाते ती मॅकरून, म्हणजे बदामाची बिस्किटं, कुठली आणणार, खिशात नानकटाई. शेवटी मी बाहेर पडले, तर दाराच्या आवाजासाठी फळी आपटणारा मुलगा चहाला गेलेला! हेल्मर एकटाच रंगमंचावर ताटकळतोय. मग मीच चप्पल काढून खोक्यावर हाणली. लोक हसले. आईने मात्र रिक्षात एवढंच विचारलं, "शाल घेतली होतीस ना गं जाताना?"
आणि काय हो, गोष्ट तरी इब्सेनची होती का? इब्सेनच्या ओळखीच्या लॉरा कीलरने नवऱ्याच्या क्षयासाठी गुपचूप कर्ज काढलं, नाटकात नोराही नवऱ्याच्या आजारासाठी तेच करते. लॉरा मदत मागायला आली तेव्हा इब्सेनने नवऱ्याला सांग म्हणून वाटेला लावलं. तिला इब्सेन लाडाने चंडोल म्हणायचा, तेच हेल्मरच्या तोंडी घातलं. तिने जन्मभर राग धरला, तो उगाच नाही.

प्रॉम्प्टर :
वा! आणि लॉरा शेवटी नवऱ्याकडे परतली. खरी नोरा घरी आली म्हणायची.

विंगेतली :
वेड्यांच्या इस्पितळातून परतली ती! बिंग फुटल्यावर नवऱ्याने मुलं काढून घेतली होती. मुलांसाठी आली. हे तुम्हाला सुखान्त वाटत असेल तर नमस्कार.

तिसरी घंटा :
ताई, लॉराबद्दल मान्य. पण लेखक माणूस म्हणून कसा होता यावर शेवट ठरवायला लागलो तर युरोपातलं एकही नाटक उरायचं नाही.

विंगेतली :
कोण ठरवतंय? इब्सेनचं नाव निघालं की तुम्ही देव्हारा उघडून बसता, इतकंच म्हणतेय. तिच्या आयुष्याला हात घातला तेव्हा तिला कोणी विचारलं होतं?

तिसरी घंटा :
मग काय त्याने लिहूच नये?

विंगेतली :
लिहावं. पण माझ्या शब्दाला हात लावू नका हे त्याने सांगावं, याचं हसू येतं.

प्रॉम्प्टर :
म्हणजे ताई माझ्याच बाजूच्या.

विंगेतली :
स्वप्नात. नोरा जाणार म्हणजे जाणार.

तिसरी घंटा :
आणि नीमान-राबेबाईसुद्धा पुढे मूळ शेवटावरच आल्या. हेही लिहायचं राहिलं वाटतं तुमचं?

प्रॉम्प्टर :
राहिलं. घ्या, जिंकलात, नारळ पाठवतो. पण नाटक गावोगाव पोचलं पाहिजे, थोडी काटछाट होणारच, यावर मी ठाम आहे.

कोकणकडा :
म्हणजे तारांतेला कापलेला चालतो!