पुलांच्या तपासणीच्या नोंदी संगणकावर ठेवताना सुरुवात कुठून करावी?

कनिष्ठ अभियंता, नांदेड:
नमस्कार. आमच्याकडे पुलांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते. परंतु अहवाल वेगवेगळ्या फायलींत राहत असल्याने मागील वर्षी दिसलेला तडा यंदा वाढला आहे की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडून गोदावरी चढली की कोणता पूल आधी पाहायचा, हेही अंदाजानेच ठरते. तयार सॉफ्टवेअर घ्यावे, की एक्सेलवरच भागवावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त उपअभियंता, परभणी:
खरेदीचे नंतर पाहा. आधी प्रत्येक पुलाला, खांबाला आणि बेअरिंगला (खांब व वरचा पूल यांमधील आधाराला) कायमचा क्रमांक द्या. 'खांबास तडा आढळला' एवढ्या नोंदीचा काहीही उपयोग नाही. कितव्या खांबाला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला की खालच्या, किती उंचीवर आणि किती मिलिमीटर रुंद, हे लिहिलेले असेल, तरच बदलीवर आलेला नवा अभियंता त्याच जागी उभा राहून तुलना करू शकेल. खांब कोणत्या तीराकडून मोजायचे तेही ठरवून ऑइलपेंटने पुलावरच लिहा, कारण दोन अहवालांत मोजणी उलटसुलट झाली की पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर ती चूक निस्तरू शकत नाही.

पायाबाबत अधिक दक्ष राहावे. पुराच्या वेगाने खांबाभोवतीचा तळ खरवडला जातो आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो. त्यामुळे दिवाळीनंतर पाहणी करणाऱ्याला सर्व काही ठीक दिसते. म्हणून पुराची कमाल पातळी, धरणातील विसर्ग आणि वेळ यांची नोंद त्याच पुलाच्या खात्यावर हवी. महाडजवळचा सावित्रीवरील दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भर पुरातच कोसळला, हे आपण कोणीही विसरता कामा नये.

जीआयएस (संगणकीय नकाशे) तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर:
साहेबांशी पूर्ण सहमत आहे. ओडीके आणि क्यूजीआयएस ही दोन्ही साधने मोफत आहेत. पहिल्यात मोबाइलवर फॉर्म भरता येतो, छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश त्यालाच जोडले जातात, आणि पुलाखाली रेंज नसली तरी काम अडत नाही. दुसऱ्यात ते सर्व नकाशावर दिसते. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय पूल व्यवस्थापन प्रणालीतही प्रत्येक पुलाला ओळख क्रमांक आणि अवस्थेनुसार गुणांकन आहे, ती पद्धत जरूर अभ्यासावी.

कनिष्ठ अभियंता, नांदेड:
मनःपूर्वक आभार. सर्व भागांच्या गुणांची सरासरी काढून दुरुस्तीचा क्रम लावला तर चालेल का?

निवृत्त उपअभियंता, परभणी:
सरासरी मुळीच काढू नका. कठडे, डांबरीकरण आणि पाण्याचे निचरा-पाइप उत्तम असले की निकामी बेअरिंग त्या सरासरीत झाकले जाते. भार वाहणाऱ्या भागांपैकी ज्याची अवस्था सर्वांत वाईट, त्याचाच गुण पुलाचा गुण धरावा. प्रत्येक दोषाला अंदाजपत्रकाचा आणि मोजमाप पुस्तिकेचा (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीचा) क्रमांक जोडा, आणि दुरुस्तीनंतर त्याच जागेवरून घेतलेले छायाचित्र आल्याखेरीज तो दोष 'पूर्ण' म्हणून बंद होणार नाही, अशी अट फॉर्ममध्येच घाला.