'मॅकबेथ' अभिवाचन, नाशिक: चांगल्या राजाचा लांबलचक प्रवेश किती कापावा?

गोदाकाठ
नाशिकमध्ये 'मॅकबेथ'चं मराठी अभिवाचन आहे. पाच वाचक, दीड तास. गाडी अडलीय चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. मॅकबेथने मारलेल्या राजा डंकनचा मुलगा माल्कम आणि सरदार मॅकडफ इंग्लंडात राजा कसा असावा यावर बोलतच राहतात. मूळ सुमारे 240 ओळी, मला 80 हव्यात. आणि माल्कम तिथे राजाचे जे बारा गुण मोजतो, ते मराठीत कसे म्हणायचे? शिरवाडकरांचं 'राजमुकुट' आहेच, पण ते रूपांतर. आम्हाला स्कॉटलंडच ठेवायचंय.

तिसरी_घंटा
कापा, पण तिन्ही पायऱ्या ठेवा. माल्कम मॅकडफला जोखतोय, कारण मॅकबेथने त्याला जाळ्यात ओढायला आधीही माणसं पाठवलीत. पहिली पायरी: मी स्त्रीलंपट आहे. मॅकडफ म्हणतो, निभावून नेऊ. दुसरी: मी लोभी, सरदारांच्या जमिनी गिळीन. हे जास्त खोल जातं, तरी तो पोटात घालतो. तिसरी: राजाला शोभणारा एकही गुण माझ्यात नाही. मग मात्र तो फुटतो: राज्य राहू दे, तू जगायच्याही लायकीचा नाहीस! मधली पायरी गाळलीत तर मॅकडफ नुसता तापट वाटतो. पायरीला आठ-दहा ओळी पुरे. सुरुवातीचा संशयकल्लोळ बिनधास्त निम्मा करा.

याच प्रवेशात मध्येच येणाऱ्या वैद्याचा तुकडा सगळे आधी उडवतात. तो उडवू नका. इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्या स्पर्शाने गंडमाळा (मानेच्या गाठी) बऱ्या होतात, रोग्याच्या गळ्यात तो सोन्याचं नाणं घालतो, एवढं तरी राहू द्या. मॅकबेथच्या हाताचं रक्त धुऊन जात नाही आणि याच्या हाताला गुण आहे! हा राजा रंगमंचावर येतच नाही, फक्त ऐकू येतो.

शब्दांचा_हमाल
मूळात बारा गुण तीन ओळींत आहेत, ओळीला चार. तीच लय धरा:

न्याय, सत्य, संयम, स्थैर्य,
औदार्य, चिकाटी, दया, नम्रता,
देवभक्ती, सोशिकता, शौर्य, कणखरपणा.

सोशिकतेच्या जागी 'धैर्य' नको. तो हिंदीतला अर्थ. मराठीत धैर्य म्हणजे हिंमत, आणि शेजारी शौर्य आहेच. देवभक्तीच्या जागी नुसतं 'निष्ठा' म्हणाल तर राजनिष्ठा ऐकू येईल. आणि यादी घडाघड म्हटली की पाढे होतात. माल्कम हे गुण नाकारण्यासाठी मोजतोय, तेव्हा प्रत्येक ओळीनंतर थांबून मॅकडफकडे बघायला हवं.

गोदाकाठ
पण चांगला राजा डंकन आहेच की. मग हा प्रवेश कशाला?

तिसरी_घंटा
शेक्सपिअरने ही कथा जिथून घेतली त्या होलिन्शेडच्या बखरीतला डंकन मवाळ, ढिला आहे. शेक्सपिअरने तो ढिलेपणा बराच पुसला, म्हणजे खून अधिक काळा दिसतो. एक उणीव मात्र ठेवली. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डंकन म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखता येत नाही, कॉडरवर (फितूर निघालेला सरदार) माझा पूर्ण विश्वास होता. नेमका त्याच क्षणी मॅकबेथ आत येतो आणि हा पुन्हा तसाच विश्वास टाकतो. आता बारा गुण परत वाचा. माणसांची पारख त्यात नाही. माल्कम ती बोलत नाही, मॅकडफवर करून दाखवतो. म्हणून डंकनची ती वाक्यं कापली असतील तर आधी परत घाला.

गोदाकाठ
कापली होती, घालतो. वैद्य कोण वाचेल? रॉसवाला मोकळा आहे.

शब्दांचा_हमाल
रॉस नको. पुढच्याच क्षणी त्याला मॅकडफच्या बायकामुलांच्या हत्येची बातमी सांगायचीय, आवाज नवा हवा. डंकनवाल्याला द्या, तो दुसऱ्या अंकापासून मोकळाच आहे.