उत्पन्न अनियमित असताना बचतीची सवय कशी लावावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी मुद्रितशोधन आणि अनुवादाची कामे स्वतंत्रपणे घेते, त्यामुळे माझे उत्पन्न दरमहा सारखे नसते. एखाद्या महिन्यात जुनी थकलेली बिले एकदम चुकती होतात आणि त्यानंतरचे एकदोन महिने जवळजवळ कोरडे जातात. माझ्या पतींना ठरलेला पगार आहे आणि घराचे बांधील खर्च त्यातून भागतात. बाकीचे सारे, म्हणजे वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, कपडे, प्रवास, भेटवस्तू आणि मुख्य म्हणजे बचत, माझ्या उत्पन्नातून व्हावे असे आमचे ठरले आहे. यातली बचत वगळता बाकी सगळे होते. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मला मान्य आहे. पण अंथरुणाची लांबीच दर महिन्याला बदलत असेल तर पाय किती पसरायचे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

गेले काही महिने मी खर्चाची नोंद ठेवत आहे. नोंदी चाळताना असे दिसले की हात आखडता असतो त्या महिन्यांत आमचा खर्च फारसा वावगा नसतो. ज्याला अनावश्यक म्हणता येईल असा खर्च जवळजवळ नेहमी चांगल्या महिन्यात ठरतो आणि फेडावा लागतो तो पुढच्या कोरड्या महिन्यांत. चांगल्या महिन्यात घेतलेली एखादी वस्तू एकदाच पैसे नेते, पण त्याच महिन्यात सुरू केलेले सबस्क्रिप्शन, हप्त्यावर घेतलेले उपकरण किंवा हौसेने नाव नोंदवलेला वर्ग पुढे महिनोन्‌महिने पैसे मागत राहतो आणि त्या वेळी उत्पन्न किती आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. म्हणूनच 'किरकोळ खर्च टाळा' हा सल्ला मला अपुरा वाटतो. खर्च किरकोळ आहे की मोठा यापेक्षा तो एकदाचा आहे की कायमचा, हा भेद आमच्या घरात अधिक महत्त्वाचा ठरतो.

यामागचे कारण काही अंशी मला कळते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी (त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) 'मानसिक हिशेब' नावाची कल्पना मांडली आहे. पैसा सगळा सारखाच असला तरी माणूस तो मनातल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. पगाराचा पैसा जपून वापरतो आणि अवचित आलेला सैल हाताने. माझ्या बाबतीत गंमत अशी की एकदम चुकते झालेले बिल हे अवचित धन नसतेच. ते काम मी कित्येक आठवड्यांपूर्वी केलेले असते आणि त्या आठवड्यांचा खर्चही होऊन गेलेला असतो. तरीही रक्कम एकदम दिसली की मन तिला 'जास्तीचे पैसे' या कप्प्यात टाकते.

दुसरे कारण पैसे देण्याच्या सोपेपणाचे आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितले होते. पैसे रोख द्यायचे आहेत असे ज्यांना सांगितले त्यांच्यापेक्षा कार्डाने द्यायचे असलेल्यांची बोली सरासरीने सुमारे दुप्पट होती. वस्तू तीच आणि माणसेही सारखीच, पण पैसे हातातून जाताना दिसत नाहीत एवढ्याने हा फरक पडतो. ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत १९९९ साली मिळाले, यावरून विक्रेत्याला या सोपेपणाचे मोल किती आधी कळले होते हे दिसते. मी खरेदीच्या ॲपमधून कार्डाचा साठवलेला तपशील काढून टाकला आहे आणि आवश्यक नसलेली वस्तू यादीत लिहून काही दिवस थांबण्याचा नियम केला आहे. वस्तूंच्या बाबतीत या दोन्हींचा चांगला उपयोग झाला. दरमहाच्या बांधिलक्यांच्या बाबतीत मात्र थांबण्याचा नियम पुरेसा पडत नाही, कारण चांगला महिना चालू असेतो थांबूनही निर्णय तोच राहतो.

आता माझ्या शंका. बचत आधी काढावी आणि उरलेल्यात भागवावे, हे तत्त्व सर्वत्र वाचायला मिळते आणि त्याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी आखलेल्या योजनेत कामगारांनी आजच्या पगारातून काही कापून द्यायचे नव्हते, तर पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल एवढीच संमती आधी द्यायची होती. या योजनेत सामील झालेल्यांचा बचतीचा दर ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. पण या सगळ्याचा पाया नियमित पगार हा आहे. मला पगारवाढ नाही आणि महिन्याची ठरलेली तारीखही नाही. मी प्रत्येक जमेतून ठरावीक टक्के बाजूला काढावेत, की वर्षाची एक रक्कम ठरवून चांगल्या महिन्यांत ती पूर्ण करावी? टक्क्यांची पद्धत मी वापरून पाहत आहे. तिच्यात कोरड्या महिन्यातही थोडे पैसे बाजूला जातात आणि आठवडाभरात तेच परत काढावे लागतात.

पैसे ठेवायचे कुठे, हेही ठरत नाही. हाताशी ठेवले तर टिकत नाहीत आणि मुदतीत अडकवले तर अडचणीला उपयोगी पडत नाहीत. शिवाय क्रेडिट कार्डाची थोडी थकबाकी आहे. तिच्यावर दरमहा ३ टक्के व्याज लागते, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ४२.६ टक्के. इतका परतावा कोणतीही सुरक्षित ठेव देणार नाही, तेव्हा आधी थकबाकी फेडावी हे गणिताने स्पष्टच आहे. परंतु हाताशी काहीच न ठेवता सगळे तिच्यात भरले तर पुढची दुरुस्ती पुन्हा कार्डावरच जाणार. हे चक्र कुठे तोडावे?

शेवटचा प्रश्न घरातल्या संवादाचा आहे. नोंदी मी ठेवते, त्यामुळे नकळत माझ्याकडे हिशेबतपासनिसाची भूमिका येते आणि पतींना प्रत्येक खर्चाचा खुलासा द्यावा लागतो आहे असे वाटते. ते उधळे नाहीत, मीही नाही. ज्यांच्या घरी एकाचे उत्पन्न स्थिर आणि दुसऱ्याचे अस्थिर आहे, त्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी. कोणत्या योजनेत गुंतवावे हा या धाग्याचा विषय नाही; गुंतवण्याजोगे काही उरण्यापर्यंतच मला मदत हवी आहे.

प्रतिसाद

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. माझेही उत्पन्न कामागणिक असते आणि माझ्यासारख्याच काही व्यावसायिकांचे हिशेब मी लिहितो, त्या अनुभवावरून सांगतो. टक्के की ठरावीक रक्कम, या वादात पडण्याआधी येणारे पैसे आणि खर्चाचे पैसे यांची खाती वेगळी करा. सगळी बिले एका जमा खात्यात येऊ द्यात, त्या खात्याचे कार्ड जवळ बाळगू नका आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्यातून खर्चाच्या खात्यात एकच ठरलेली रक्कम पाठवा. म्हणजे स्वतःला पगार द्या. असे केले की मोठे बिल चुकते झाले तरी खर्चाच्या खात्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि आपण म्हणता तो 'चांगला महिना' निर्णयांपुरता नाहीसाच होतो.

हा पगार किती असावा, इथे बहुतेक जण सरासरी धरतात आणि तिथेच फसगत होते. समजा सहा महिन्यांची जमा १००, ४०, १६०, ६०, ३० आणि ९० अशी आहे. एकूण ४८०, सरासरी ८०. दरमहा ८० घेतले तर दुसऱ्याच महिन्याच्या अखेरीस खाते २० ने तुटीत जाते, पाचव्या महिन्यात पुन्हा १० ने, आणि सहा महिन्यांनी हातात शून्य उरते. त्याऐवजी ६० घेतले तर शिल्लक एकदाही २० च्या खाली जात नाही आणि शेवटी १२० उरतात. म्हणून पगार सरासरीपेक्षा बराच खाली, कमाईच्या खालच्या अंगाच्या महिन्यांकडे पाहून ठरवावा आणि वर्षातून एकदाच बदलावा. थेलर आणि बेनार्त्झी यांची युक्तीही मग आपल्याला लागू होते: पुढच्या वर्षी पगार वाढवाल तेव्हा त्या वाढीतला निम्मा भाग बचतीचा, हे आजच लिहून ठेवा.

मात्र जमा खात्यात आलेली सगळी रक्कम आपली नसते. स्वतंत्र काम करणाऱ्याचा कर बहुधा पूर्ण कापून आलेला नसतो, तेव्हा प्रत्येक बिलातला कराचा अंदाजे भाग त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाकावा. वर लिहिलेले आकडे कर वजा करूनच धरावेत. विम्यासारखे वार्षिक खर्च बाराने भागून दरमहाच्या पगारात मिळवावेत. तारीख आधीपासून ठाऊक असलेल्या खर्चाला अडचण म्हणता येत नाही.

प्रतिसाद

वरील पद्धतीशी सहमत आहे, फक्त थकबाकीविषयी थोडे वेगळे सांगते. एका महिन्याच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवा आणि त्यापुढची प्रत्येक जादा रक्कम थकबाकीत भरा. गणिताच्या दृष्टीने त्या एका महिन्याच्या रकमेवर थोडे व्याज वाया जाते, पण तेवढ्याने पुढची दुरुस्ती कार्डावर जाणे थांबते. थकबाकी संपेपर्यंत ते कार्ड वापरू नका, कारण बऱ्याच कार्डांवर आधीची बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

पैसे कुठे ठेवावेत, याचे उत्तर रकमेच्या कामावर अवलंबून आहे. नवा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी फिलिपिन्समध्ये केलेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. एका बँकेच्या ग्राहकांना असे खाते देऊ केले की स्वतः ठरवलेली तारीख येईपर्यंत किंवा स्वतः ठरवलेली रक्कम जमेपर्यंत त्यातून पैसे काढता येणार नाहीत. जादा व्याज नव्हते, तरी २८ टक्के लोकांनी ते आपणहून घेतले आणि वर्षभरात ज्यांना ते देऊ केले होते त्या गटाची शिल्लक तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय वाढली. याचा अर्थ सगळेच कुलपात ठेवा असा नाही. अडचणीचे पैसे एकदोन दिवसांत मिळतील अशा, पण रोजच्या ॲपमध्ये न दिसणाऱ्या खात्यात असावेत. हेतू ठरलेले पैसे मुदतीत अडकवावेत.

नोंदींबद्दल माझे मत कदाचित रुचणार नाही. जपानमध्ये हानी मोतोको यांनी १९०४ साली घरखर्चाच्या वहीची पद्धत लोकप्रिय केली तेव्हा हाताने लिहिणे हाच तिचा गाभा होता आणि ती पद्धत आजही अनेकांना मानवते. पण खर्चाचे खातेच मर्यादित झाले की प्रत्येक पावती लिहिण्याची गरज राहत नाही. दोघांनाही दरमहा एक छोटी, समान आणि जाब न विचारता खर्च करण्याची रक्कम द्या. तिच्यातून काय घेतले हे कोणीच विचारायचे नाही, आपण स्वतःही लिहायचे नाही. दरमहाची कोणतीही नवी बांधिलकी मात्र दोघांच्या संमतीशिवाय सुरू करायची नाही, आणि ती त्या पगारात बसते का एवढाच निकष ठेवायचा.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. नव्या बांधिलकीला दोघांची संमती आणि पगाराची मर्यादा, हा निकष आम्ही आजच मान्य केला आहे, आणि किरकोळ खर्च लिहिण्यातून सुटका मिळाल्याचा आनंद पतींना माझ्यापेक्षा जास्त झाला आहे. एक शंका उरते. उदाहरणात पहिला महिना १०० चा आहे, म्हणून ६० चा पगार निभावला. पहिलाच महिना ३० चा निघाला तर?

प्रतिसाद

तर पगार सुरूच करू नका. तोपर्यंत फक्त आवश्यक खर्चापुरते पैसे घ्या आणि मोठे बिल चुकते होण्याची वाट पाहा. ते आले की कर बाजूला काढा, दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम जमा खात्यात शिल्लक राहते का ते पाहा, आणि राहत असेल तर पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेपासून सुरुवात करा. राहत नसेल तर त्या बिलातून थकबाकीत नेहमीपेक्षा जास्त काही भरू नका. ही शिल्लक उभी राहणे आधी.