मदत हवी आहे: ६.४ मीटरच्या शिडाच्या बोटीला नांगराचा गोळा आणि इंजिनाचा शंकू कसा, केवढा, कुठे लावायचा?

तलावातला_खलाशी, नागपूर

नमस्कार मंडळी. बोट ६.४ मीटरची, एक डोलकाठी, पुढचं शीड हुकांनी फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीपासून बोटीच्या पुढच्या टोकाला जाणाऱ्या तारेला, लागतं (रोलर नाही), मागे ६ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. आजवर तलावातच चालली. पावसाळा सरला की ट्रेलरवर टाकून समृद्धीने मांडव्याला न्यायची आहे. दिवसाच्या खुणांबद्दल, म्हणजे बोट काय करतेय हे इतरांना कळावं म्हणून टांगायच्या काळ्या आकारांबद्दल, काही प्रश्न:

नांगर टाकल्यावर काळा गोळा लावावा लागतो, पण ७ मीटरखाली सूट आहे म्हणतात. खरं का?
शीड आणि इंजिन दोन्ही चालू असताना उलटा शंकू लावायचा. पण नेटवर 'बारा मीटरपेक्षा लहान बोटीला गरज नाही' असं लिहिलेलं दिसतं.
नियमात ६० सेंमीचं माप आहे. एवढं धूड या बोटीत ठेवायचं कुठे? आणि इथे तयार मिळत नाही, तर इतवारी-बर्डीवर मिळणाऱ्या साहित्यात बनेल का?
इथल्या अंबाझरी तलावातही हे लावायचं का?

खडा_नांगर

आधी ते बारा मीटरचं निकालात काढू, कारण सगळा घोळ तिथूनच होतो. ती सूट अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांतली आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, म्हणजे आपण ज्याला कोलरेग म्हणतो त्यात, शंकूला लांबीची सूटच नाही. नियम २५ (ई) सांगतो: शीड वर आहे आणि यंत्रही बोट ढकलतंय, तर पुढच्या भागात सगळ्यांत चांगला दिसेल अशा जागी एक शंकू, टोक खाली. बोट ६ मीटरची असो की ६० ची.

कारण सरळ आहे. इंजिन गिअरमध्ये पडलं की नियमांच्या लेखी तुम्ही शिडाची बोट राहत नाही, यांत्रिक होता. मग शिडावर चाललेल्या दुसऱ्या बोटीला वाट देणं तुमच्याकडे येतं. समोरच्याला मात्र तुमचं फुगलेलं शीडच दिसतं, आणि तो त्या हिशोबाने वागतो. हा गैरसमज शंकूने मोडतो. म्हणून शीड उतरवून नुसत्या इंजिनावर जाताना शंकू नको, तेव्हा फसवणारं काही वर नसतंच.

सात मीटरची सूट खरी आहे, पण अर्धीच वाचली जाते. नियम ३० (ई) नुसार अरुंद जलमार्गात, नौकांच्या वाटेत, नांगर टाकायच्या ठरलेल्या जागेत, त्यांच्या जवळपास किंवा इतर नौका एरवी ये-जा करतात तिथे ती लागू नाही. मांडव्याला गेटवेच्या लाँची येतात, भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) येते, मच्छीमार बोटी वेगळ्याच. तिथे सूट विसरा, गोळा लावा. रात्री त्याच्या जागी चहूकडून दिसणारा पांढरा दिवा, दोन सागरी मैलांवरून दिसेल असा.

बारा मीटरची एक सूट कोलरेगमध्येही आहे, पण ती बोट तळाला टेकण्याबद्दल आहे. मोठ्या नौकेला तेव्हा एकाखाली एक तीन गोळे लावावे लागतात, तुम्हाला नको. ओहोटीला गाळात बसलात तरी नांगराचा एक गोळा तेवढा राहू द्या.

डोलकाठी

मापाचं बघू. परिशिष्ट १ मध्ये गोळ्याचा व्यास किमान ६० सेंमी, शंकूचा तळ किमान ६० आणि उंची तळाएवढीच. रंग काळा. पण त्याच कलमात पुढे आहे की २० मीटरपेक्षा लहान नौकेने तिच्या आकाराला साजेशी लहान खूण वापरली तर चालते. बाजारात लहान बोटींसाठी मिळतात ते गोळे ३० सेंमीच्या आसपासचे असतात.

माझं मत, ४५ करा. हिशोब असा: सामान्य डोळा एक मिनिट कोनाएवढी (एका अंशाचा साठावा भाग) वस्तू जेमतेम ठिपका म्हणून पकडतो. ३० सेंमीचा गोळा म्हणजे साधारण १ किमीवर ठिपका. पण तो गोळा आहे की शंकू हे कळायला पाचेक मिनिटं कोन लागतो, म्हणजे अंतर उरतं जेमतेम २०० मीटर. ४५ ला तेच ३०० होतं. लाँचच्या वेगात तो फरक मोठा आहे. वाऱ्याचं भय नको. २५ नॉटच्या (ताशी सुमारे ४६ किमी) वाऱ्याला ३० च्या गोळ्यावर एक किलोच्या आत ओढ येते, ४५ च्यावर दोनेक किलो.

बर्डीकर

साहित्य इथेच मिळतं, भाऊ. बोर्ड बनवणाऱ्यांकडे ५ मिमीची काळी सनपॅक शीट (आत नळ्या असलेली प्लास्टिकची पोकळ शीट) मागा. ४५ सेंमीच्या दोन चकत्या कापा. एकीला वरून मध्यापर्यंत साडेबावीस सेंमीची फट, दुसरीला खालून तेवढीच. फट साडेपाच मिमी रुंद, म्हणजे एकमेकींत घट्ट बसतात पण अडकत नाहीत. प्रवासात सुट्या करून गादीखाली सपाट ठेवायच्या.

शीटच्या आतल्या नळ्या आडव्या येतील असं कापा. उभ्या आल्या तर चकतीची पाती वाऱ्यात नळीच्या रेषेवरच दुमडतात आणि गोळ्याचं पुस्तक होतं. दोरीचं भोक फट नसलेल्या टोकाला, कडेपासून ३ सेंमी आत. पण तिथेच दुसरी चकती दोन्ही बाजूंनी चिकटून असते, दोरी शिरतच नाही. म्हणून दुसरीच्या फटीच्या तोंडाशी ४ सेंमी खोल, २ सेंमी रुंद खाच काढा. खालच्या बाजूलाही तसंच. भोकात पितळी आयलेट (कडी) ठोका, नुसतं प्लास्टिक दोरीने चिरतं.

शंकूला दोन त्रिकोण, तळ ४५, उंची ४५. इथे टोकाशी घोटाळा होतो: टोकापासून २ सेंमीवर रुंदीच २ सेंमी, त्यात फट गेली की दोन काड्या उरतात. टोक ३ सेंमी छाटून बोथट करा, जोडल्यावर केबल टायने बांधा. लांबून फरक कळत नाही.

शीट चकचकीत असेल तर ३२० च्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर उन्हाच्या बाजूने गोळा पांढरा दिसतो. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये सामानाखाली दाबून ठेवू नका, आपल्या उन्हात ती वाकते ती वाकतेच.

बुरडाकडून दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून बांधून काळा ऑइलपेंट मारला तर गोळा चारी बाजूंनी गोल दिसतो, हाही पर्याय आहे. एकमेकींत बसवलेल्या चकत्यांचा गोळा ४५ अंशातून बघितला तर रुंदी सत्तर टक्केच दिसते. टोपली घडी होत नाही एवढंच.

डोलकाठी

टोपली झकास, पण शंकूला बुरड काय करणार!

जागेबद्दल: पुढचं शीड उतरलं की त्याचं हॅलयार्ड (शीड वर चढवायची दोरी) मोकळं असतं. गोळा त्याला लावा, खालून ४ मिमीची पॉलिस्टर दोरी नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीला, ताणून बांधा. खालची दोरी नसेल तर गोळा गरगरतो, फोरस्टेवर आपटतो आणि रातभरात आयलेट उपटतो. उंची डेकपासून दोन-अडीच मीटर, केबिनवरून दिसेल अशी. नायलॉन नको, ओलं झालं की ताण ढिला पडतो.

शंकूही तिथेच. वाऱ्याच्या तोंडाला इंजिन लावता तेव्हा बहुधा मोठं शीडच वर असतं, पुढचं खाली, म्हणजे हॅलयार्ड मोकळंच. स्प्रेडरच्या (डोलकाठीवरच्या आडव्या दांडीच्या) झेंड्याच्या दोरीला लावू नका, एका बाजूने तो मोठ्या शिडाआड जातो.

तलावातला_खलाशी, नागपूर

मंडळी, आभार. ४५ चंच करतो. दोन शंका उरल्या. बॅटरी चार्ज करायला इंजिन न्यूट्रलला चालू ठेवलं तर शंकू लागतो का? आणि संध्याकाळ झाली तर?

खडा_नांगर

न्यूट्रलला नाही. यंत्र बोट ढकलत नसेल तर तुम्ही शिडाचीच बोट. शंकू गिअर टाकताना चढवायचा आणि गिअर काढताना उतरवायचा. विसरून वर राहिला तर समोरची शिडाची बोट तुम्ही वाट द्याल म्हणून सरळ येत राहते. नांगर उचलल्यावर गोळा राहिला तर त्याहून वाईट, चालती बोट थांबलेली समजली जाते.

सूर्यास्तानंतर शंकूचं काम दिवे करतात. इंजिनावर असताना डोलकाठीच्या शेंड्यावरचा तिरंगी दिवा बंद. तो फक्त शिडावर चाललेल्या, २० मीटरखालच्या बोटीचा. तेव्हा लाल-हिरवे बाजूचे दिवे आणि चहूकडून दिसणारा एक पांढरा, १२ मीटरखाली एवढं पुरतं.

अंबाझरीचं राहिलं. कोलरेग खुल्या समुद्राला आणि समुद्री नौका जाऊ शकतात अशा, त्याला जोडलेल्या पाण्याला लागू. नाग नदीतून कन्हानमार्गे कुणी जहाज आणत नाही तोवर अंबाझरी त्यात नाही, तिथे तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचे नियम पाळायचे. पण गोळा-शंकू चढवा-उतरवायचा सराव तिथेच करून घ्या. खालची दोरी किती लांब लागते, कुठे अडकते, ते मांडव्याच्या लाँचींसमोर शोधत बसू नका.