'टँजरिन्स' बारकाईने पाहिलेल्यांसाठी अनुभव धागा: वैऱ्याला घरात ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

झाझा उरुशाद्झे यांचा 'टँजरिन्स' (2013) ज्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, इतरांना दाखवला आहे किंवा त्यावर शिकवलं आहे, त्यांनी इथे लिहावं. (गोष्ट थोडक्यात: 1992च्या अबखाझिया युद्धात इवो नावाचा एस्टोनियन म्हातारा दोन जखमी वैऱ्यांना, चेचेन अहमद आणि जॉर्जियन निको यांना, आपल्या घरात ठेवतो. खालच्या प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.) 'फार आवडला' एवढंच नको. प्रसंग कसा बांधलाय, काय ठाऊक असेल तर तो नीट कळतो, दाखवताना कुठे घोटाळा होतो, असं नेमकं हवं. शेवट उघड होणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी 87 मिनिटं काढावीत.

काळासमुद्र

अबखाझियात (काळ्या समुद्राकाठचा, जॉर्जियातून फुटू पाहणारा प्रदेश) एस्टोनियन म्हातारा कुठून आला, या प्रश्नात बहुतेक प्रेक्षकांची सुरुवातच निघून जाते. म्हणून दाखवण्याआधी पाच मिनिटं इतिहास सांगाच. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याने कॉकेशस जिंकल्यावर अबखाझ लोक मोठ्या संख्येने ऑटोमन (तुर्की) मुलखात गेले. ओस पडलेल्या किनारपट्टीवर आर्मेनियन, ग्रीक, रशियन येऊन वसले आणि 1880च्या दशकात एस्टोनियन शेतकरीही आले. साल्मे, सुलेवी, लिंडा ही त्यांचीच गावं. म्हणजे इवो तिथे उपरा नाही, पण या भांडणात त्याची कुठली बाजूही नाही.

1989च्या जनगणनेत अबखाझियाची लोकसंख्या सव्वापाच लाख होती. त्यात जॉर्जियन जवळपास 46 टक्के आणि अबखाझ 18 टक्क्यांच्या आत. 14 ऑगस्ट 1992ला जॉर्जियन फौजा अबखाझियात शिरल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अबखाझ आणि उत्तर कॉकेशसमधून आलेल्या लढवय्यांनी किनाऱ्यावरचं गाग्रा शहर घेतलं. चेचेन अहमद याच गर्दीतला, आणि तो पैशासाठी लढायला आलाय. 27 सप्टेंबर 1993ला अबखाझियाची राजधानी सुखुमी पडली, दोन लाखांहून जास्त जॉर्जियन बेघर झाले. कथा 1992ची आहे, त्यामुळे तिथल्या कुणालाच हे पुढचं ठाऊक नाही. कोण जिंकलं ते मनात ठेवून पाहिलं की निको आधीच 'हरलेला' वाटू लागतो. सुखुमीची गोष्ट म्हणून चित्रपट संपल्यावर सांगावी.

देठासकट

टँजरिन म्हणजे छोट्या संत्र्यासारखं फळ. त्या फळांबद्दल लिहितो, कारण हा भाग लोक प्रतीक म्हणून सोडून देतात. इवोचा शेजारी, बागवाला मार्गुस फळं उतरवल्याशिवाय गाव सोडत नाही. यात वेडेपणा नाही, नुसता लोभही नाही. या जातीच्या फळाची साल सैल असते. ओढून तोडलं तर देठापाशी साल फाटते, तिथून बुरशी शिरते आणि एक फळ पेटीतली बाकीची नासवतं. म्हणून कात्री लागते: आधी थोडा देठ ठेवून फळ काढायचं, मग देठ सालीलगत कापायचा, नाहीतर तो देठ शेजारच्या फळात घुसतो. पाऊस-दव असताना तोड करायची नाही. पेटीच्या फळ्यांमध्ये फट हवी, नाहीतर आत दमट होतं. एवढं सगळं दोघंच करणार, मजूर पळून गेलेले, आणि पिकलेलं फळ थांबत नाही. अबखाझ मेजर माणसं देण्याचं कबूल करतो तेव्हा मार्गुसचा चेहरा का उजळतो, ते आता पाहा. इवो तर पेट्या करणारा सुतार. त्याचं काम फळ्या आणि खिळ्यांचं आहे, आणि त्याच फळ्यांकडे पाहताना शवपेट्यांची आठवण होते. दिग्दर्शकाने यावर एक शब्दही खर्च केलेला नाही.

उंबरठा

माझ्या मते सगळा चित्रपट एका अटीवर उभा आहे. गोळीबारात जखमी झालेला अहमद आणि डोक्याला छर्रे लागलेला जॉर्जियन निको इवोच्या घरात शेजारच्या खोल्यांत पडलेले. अहमदला सोबत्याच्या खुनाचा सूड हवाय. इवो त्याला 'मारू नकोस' असं शिकवत बसत नाही. तो एवढंच वचन घेतो की माझ्या घरात नाही. अहमद कबूल होतो.

ही अट किती हुशारीची आहे! क्षमा कर म्हटलं असतं तर अहमदने झिडकारलं असतं. पाहुण्याने यजमानाच्या छपराखाली रक्त सांडायचं नाही, ही मर्यादा मात्र कॉकेशसमधल्या माणसाच्या हाडात भिनलेली असते. ती मोडली तर त्याची स्वतःचीच अब्रू जाते. म्हणजे इवो त्याच्या रागाला हात लावत नाही, त्याच्या इभ्रतीला हाक घालतो. आणि सूड फक्त अंगणात ढकलला गेला की मधे दिवस मिळतात. एकाच टेबलावर जेवण, चहा, टोमणे. पुन्हा पाहाल तेव्हा तीन गोष्टी टिपा: दोघं टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतात, दोघांत इवो कधी असतो आणि कधी नसतो, आणि दाराबाहेर पहिलं पाऊल कोण टाकतं. कुठल्याही संवादापेक्षा हे अंतर जास्त सांगतं.

खरी कसोटी अबखाझ सैनिक दारात येतात तेव्हा. निकोने तोंड उघडलं तर तो जागेवर मेला. अहमद सांगतो, हा आमच्यातलाच, डोक्याला मार लागल्यामुळे बोलता येत नाही. अट न मारण्याची होती. वाचवण्याची नव्हती. अहमद अटीच्या पलीकडे गेला तो इथे. चर्चेत लोक शेवटाकडे धाव घेतात, पण या प्रसंगावर थांबा.

टाके

डॉक्टर म्हणून थोडक्यात. चित्रपटातला डॉक्टर युहान याने घरच्या घरी केलेले उपचार पडद्यावर फार सोपे दिसतात. डोक्यात धातूचे तुकडे असताना घरात ते शोधत बसत नाहीत. जखम झाकतात, डोकं किंचित उंच ठेवतात, शुद्ध आणि बाहुल्या वारंवार तपासतात. झटके आणि ताप हे पुढचे धोके. निको ज्या वेगाने उठून बसतो तो कथेच्या सोयीचा. अशक्तपणामुळे दोघांना लगेच एकमेकांच्या अंगावर जाता येत नाही, एवढं मात्र पटतं.

दोन ओळी

उपशीर्षकं करणाऱ्यांसाठी. इवो, मार्गुस आणि युहान आपसांत एस्टोनियन बोलतात. अहमद आणि निकोशी रशियन. सगळ्याची सरसकट मराठी केली तर दोन वैरी तिसऱ्याच भाषेत भांडतायत हे प्रेक्षकाला कळतच नाही. शेवटी सैनिक अहमदलाच जॉर्जियन समजतात आणि चेचेन बोलून दाखवायला सांगतात, तो प्रसंगही पांगळा होतो. उपाय सोपा आहे: रशियन साध्या अक्षरांत, एस्टोनियन तिरप्या अक्षरांत, चेचेनपुरती कंसात खूण. एका वेळी दोनच ओळी, सात सेकंदांहून जास्त ठेवू नका. टोमण्याची ओळ बोलण्याआधी झळकली तर हशा फुकट जातो, आणि या चित्रपटात हशा लागतो. गाडी कड्यावरून ढकलल्यावर तिचा स्फोट होत नाही आणि त्यावर सिनेमाच्या खोटेपणाची गंमत होते, ती जागा नक्की जपा.

काळासमुद्र

वरच्यात एक भर. अहमदची भूमिका गिओर्गी नाकाशिद्झे या जॉर्जियन नटाने केली आहे आणि चित्रीकरण जॉर्जियातल्या गुरिया भागात झालंय. जॉर्जियन दिग्दर्शकाने, जॉर्जियाने हरलेल्या युद्धावर, चेचेन माणसाला इतकी इज्जत देणं हेही धैर्यच. इवो झालेले लेम्बित उल्फसाक एस्टोनियाचे. एस्टोनियाला ऑस्करचं पहिलं नामांकन याच चित्रपटाने मिळालं.

असहमत

उंबरठा यांचं बरंचसं पटतं. पण शेवटच्या हल्ल्यातले सैनिक बिनचेहऱ्याचे आहेत. तोवर प्रत्येक हत्यारबंद माणसाला नाव, भूक, विनोद दिलाय, आणि इथे अचानक नुसते दुष्ट. त्यामुळे अहमदला वाचवायला निकोने खिडकीतून झाडलेल्या गोळ्यांचा प्रश्न फार लवकर मिटतो. बायकाही फक्त नातीच्या फोटोपुरत्या. चर्चेत ही बाजू यायलाच हवी, नाहीतर इवोची आरती होऊन बसते.

उंबरठा

बिनचेहऱ्याच्या सैनिकांबद्दल मान्य. म्हणूनच जोडीला स्रदान गोलुबोविच यांचा 'सर्कल्स' (2013) ठेवा. त्यामागची घटना खरी आहे: जानेवारी 1993मध्ये बोस्नियातल्या त्रेबिन्ये गावात स्रजान आलेक्सिच या सर्ब तरुणाने एका बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) माणसाला सैनिकांच्या मारहाणीतून सोडवलं. मग सैनिकांनी त्यालाच मारलं आणि 27 जानेवारीला तो गेला. तो चित्रपट अनेक वर्षांनंतर मारणारे, वाचलेला आणि बाप यांच्या आयुष्यात शिरतो, म्हणजे 'टँजरिन्स' जिथे डोळे मिटतो तिथेच पाहतो. एका दिवसात दोन्ही दाखवायचे असतील तर आधी 'टँजरिन्स', मग तासाभराची सुट्टी, मग 'सर्कल्स'. उलट क्रमाने इवोचं घर फार सोपं वाटायला लागतं.